अण्वस्त्रे आणि करारनामे : ऐंशी वर्षांच्या व्यवहाराचा आढावा

५ फेब्रुवारी २०२६ रोजी अमेरिका आणि रशिया यांच्यामधील ‘न्यू स्टार्ट’ या कराराची मुदत संपली, आणि जगातील एकंदर अण्वस्त्रांपैकी जवळजवळ नऊ-दशांश अस्त्रे ज्या दोन राष्ट्रांच्या कोठारांत आहेत, त्यांच्या दूरगामी अस्त्रांच्या संख्येला आळा घालणारा एकही करारनामा त्या दिवशी शिल्लक उरला नाही. अशा प्रसंगी दोन मते हमखास ऐकू येतात. जे स्वतःला व्यवहारज्ञ म्हणवतात ते म्हणतात, की बळी तो कान पिळी हाच राष्ट्राराष्ट्रांमधला खरा कायदा असून तहनामे ही केवळ दप्तरात बांधून ठेवण्याची कागदपत्रे होत. आणि जे शांततेचे पुरस्कर्ते आहेत ते म्हणतात, की हिरोशिमा व नागासाकी यांच्यानंतर तिसऱ्या शहरावर बाँब पडला नाही याचे श्रेय या कागदांनाच द्यावयास हवे. दोन्ही मते सोयीची आहेत, आणि दोन्ही इतिहासाच्या कसोटीस पुरती उतरत नाहीत. ऐंशी वर्षांत या विषयावर जे लहानमोठे करार झाले त्यांतील कोणते टिकले, कोणते मोडले, आणि जे मोडले ते कोणी व कोणत्या रीतीने मोडले, एवढे जरी क्रमाने पाहिले तरी करारांनी अण्वस्त्रांना खरोखर मर्यादा पडू शकते काय या प्रश्नाचे उत्तर नुसत्या ‘होय’ किंवा ‘नाही’पेक्षा अधिक उपयोगाच्या स्वरूपात हाती येण्यासारखे आहे.

शस्त्रांना करारांनी बांधण्याचा उद्योग अणुयुगाहून जुना आहे. १८९९ साली हेग येथे जमलेल्या राष्ट्रांनी, ज्यांचा एकमेव उद्देश गुदमरविणारे वा विषारी वायू पसरविणे हा आहे असे तोफगोळे न वापरण्याची प्रतिज्ञा केली होती. पुढे २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र शहरानजीक जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला, तो गोळ्यांतून नव्हे, तर खंदकांत पुरून ठेवलेल्या नळकांड्यांतून. त्यामुळे प्रतिज्ञेचा आत्मा पायदळी तुडवूनही तिचे अक्षर आम्ही मोडले नाही, अशी मखलाशी करावयास जागा राहिली. मसुदा ज्या वस्तूचे नाव घेतो तेवढीच बांधली जाते आणि तिच्या शेजारची मोकळी राहते, हा धडा असा पहिल्या महायुद्धातच मिळाला होता. अण्वस्त्रांच्या बाबतीत तो पुनःपुन्हा गिरवावा लागला.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ जानेवारी १९४६ रोजी जो अगदी पहिला ठराव मंजूर केला, तो अणुशक्तीच्या नियंत्रणासाठी एक आयोग नेमण्याचाच होता, ही गोष्ट त्या काळच्या मुत्सद्द्यांना प्रश्नाचे गांभीर्य किती कळले होते याची साक्ष देते. त्या आयोगापुढे १४ जून रोजी अमेरिकेच्या वतीने बर्नार्ड बरूक यांनी अशी योजना मांडली, की जगातील अणुशक्तीचा सर्व धोकादायक व्यवहार एका आंतरराष्ट्रीय अधिकारी संस्थेच्या ताब्यात द्यावा, नियम मोडणाऱ्यास शिक्षा करताना कोणालाही नकाराधिकार असू नये, आणि ही व्यवस्था नीट उभी राहिली म्हणजे मग अमेरिका आपले बाँब सोडून देईल. पाचच दिवसांनी सोव्हिएत प्रतिनिधी आंद्रेई ग्रोमिको यांनी उलट क्रम सुचविला : आधी बाँबवर बंदी आणि असलेल्या बाँबांचा नाश, तपासणीचे मागाहून पाहू. आधी झडती की आधी त्याग, या एका मुद्द्यावर ती वाटाघाट संपली. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत संघाने आपला पहिला स्फोट केला, आणि बरूक योजना इतिहासजमा झाली. ज्याच्याजवळ अस्त्र आहे तो खात्री मागतो आणि ज्याच्याजवळ नाही तो समता मागतो, हा त्या वेळी उघडा पडलेला पेच पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत वेष पालटून समोर आला आहे.

१९४६ च्या त्या वाटाघाटीनंतर पहिला मोठा यशस्वी करार व्हावयास सतरा वर्षे जावी लागली, आणि त्याच्या मुळाशी राजकारणाइतकीच लोकांच्या प्रकृतीची काळजी होती. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबचा जो स्फोट केला तो अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा ठरला. त्याची किरणोत्सर्गी राख दूर अंतरावर मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर पडली, तिच्यावरील तेवीसही खलाशी आजारी पडले आणि त्यांतील एकाचा त्याच वर्षी अंत झाला. जवाहरलाल नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत, संपूर्ण निःशस्त्रीकरण दूर असले तरी निदान या चाचण्या तरी आहेत त्या ठिकाणी थांबवाव्यात, असा ‘जैसे थे’ कराराचा प्रस्ताव मांडला. पण महासत्तांचे मन वळावयास ऑक्टोबर १९६२ मधील क्यूबाचा प्राणसंकटाचा प्रसंग यावा लागला. त्यानंतर सर्व चाचण्यांवर बंदी घालण्याची संधी अगदी हाताशी आली होती. परंतु भूगर्भातील संशयास्पद हादऱ्यांची जागेवर जाऊन तपासणी वर्षातून किती वेळा करावयाची यावर घोडे अडले. ख्रुश्चॉव्ह तीनच्या पुढे जाईनात आणि केनेडी सातच्या खाली येईनात. अखेर ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे ज्या करारावर सह्या झाल्या त्यात वातावरण, अवकाश आणि जलगर्भ एवढ्यांवरच बंदी आली व भूगर्भ मोकळा सोडण्यात आला.

या कराराचे मूल्यमापन करताना दोन्ही पारडी पाहिली पाहिजेत. फ्रान्स व चीन यांनी त्यावर सही केली नाही. त्यांच्या उघड्यावरील चाचण्या अनुक्रमे १९७४ व १९८० पर्यंत चालूच राहिल्या. ज्यांनी सही केली त्यांनी जमिनीखाली जे स्फोट केले त्यांची संख्या आधीच्या उघड्यावरील स्फोटांहून कितीतरी अधिक भरली. म्हणजे अस्त्रांच्या विकासाला या कराराने यत्किंचितही खीळ बसली नाही. पण गाईच्या दुधात व बालकांच्या अस्थींत उतरणाऱ्या किरणोत्सर्गी स्ट्राँशियमचे प्रमाण घटत गेले, आणि हा लाभ सह्या करणाऱ्यांना व न करणाऱ्यांना सारखाच मिळाला. निःशस्त्रीकरणाचा पहिला तह म्हणून त्याचा गौरव होतो. वस्तुतः तो सार्वजनिक आरोग्याचा एक उत्तम कायदा होता.

खरी कसोटी लागावयाची होती ती १९६८ सालच्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराची. १ जुलै १९६८ रोजी सह्यांसाठी खुला झालेला आणि ५ मार्च १९७० पासून अंमलात आलेला हा करार म्हणजे एक मोठा सौदा आहे : ज्यांच्याजवळ अण्वस्त्रे नाहीत त्यांनी ती कधीही मिळवू नयेत आणि आपल्या अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासनिसांस उघड्या कराव्यात, त्याच्या मोबदल्यात त्यांना शांततामय उपयोगासाठी तंत्रज्ञान मिळावे, आणि ज्यांच्याजवळ अण्वस्त्रे आहेत त्यांनी सहाव्या कलमानुसार निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी सद्‌भावनेने कराव्यात. अण्वस्त्रधारी कोण, तर १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्याने स्फोट केला तो. ही तारीख म्हणजे जगाच्या वतनदारीची जणू सनदच ठरली, आणि भारताने या करारावर सही करण्याचे नाकारले ते मुख्यतः याच कारणास्तव. एका बाजूचे कर्तव्य आजच्या आज, मोजून-मापून आणि झडतीसह. दुसऱ्या बाजूचे कर्तव्य कोणत्याही मुदतीवाचून, केवळ सद्‌भावनेच्या भरवशावर, ही विषमता त्या दस्तऐवजात आहेच, आणि १९९५ साली तो बेमुदत करण्यात आल्याने बड्या राष्ट्रांवर दडपण आणण्याचे एक साधन लहान राष्ट्रांच्या हातून निसटले, हेही खरे.

तथापि न्याय आणि परिणाम या दोन भिन्न गोष्टी आहेत. मार्च १९६३ मध्ये केनेडी यांनी अशी भीती बोलून दाखविली होती, की एकोणीसशे सत्तरच्या दशकात पंधरा, वीस किंवा पंचवीस राष्ट्रांजवळ ही अस्त्रे असलेले जग पुढच्या राष्ट्राध्यक्षांच्या वाट्याला येईल. आज, साठांहून अधिक वर्षांनी, ती नऊ राष्ट्रांजवळ आहेत. स्वीडनने आपला अण्वस्त्रांचा विचार सोडून दिला. ब्राझील व अर्जेंटिना या परस्परांकडे संशयाने पाहणाऱ्या शेजाऱ्यांनी १९९१ साली एकमेकांच्या कारखान्यांचे हिशेब तपासणारी संयुक्त संस्था स्थापन केली. दक्षिण आफ्रिकेने तयार केलेले सहा बाँब मोडून टाकून त्याच वर्षी प्रसारबंदी करार स्वीकारला आणि मार्च १९९३ मध्ये तेथील अध्यक्ष डी क्लर्क यांनी ही हकिकत संसदेत जाहीर केली. मेक्सिकोचे मुत्सद्दी अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांच्या परिश्रमाने १९६७ साली लॅटिन अमेरिकेत सुरू झालेली अण्वस्त्रमुक्त प्रदेशांची प्रथा पुढे दक्षिण प्रशांत, आग्नेय आशिया, आफ्रिका व मध्य आशिया येथवर पोहोचली. यांतील प्रत्येक निर्णयामागे कराराखेरीज अन्य कारणेही होती. कुठे अमेरिकेचे छत्र, कुठे तिचाच दाब, कुठे अंतर्गत राजवटीतील पालट. पण मनात आलेला संयम दप्तरी रुजू व्हावा, शेजाऱ्यास तो पडताळून पाहता यावा, आणि उद्या सत्तेवर येणाऱ्यास तो गुपचूप फिरविता येऊ नये, ही सोय कराराने केली.

तपासणी असलेला करार आणि नुसत्या वचनावर उभा असलेला करार यांतील अंतर पाहावयास दूर जावयास नको. मुंबईच्या आसपासच त्याची दोन उदाहरणे शंभरएक किलोमीटरच्या अंतरावर उभी आहेत. तुर्भे येथील सायरस ही अणुभट्टी कॅनडाने दिली, तिच्यातील जड पाणी अमेरिकेने दिले, आणि ती शांततामय कार्यासाठीच वापरली जाईल असे भारताने लिहून दिले. पण तिच्यावर आंतरराष्ट्रीय तपासनिसांची नजर ठेवण्याची तरतूद त्या कागदांत नव्हती. तिच्यातून निघालेले प्लुटोनियम १८ मे १९७४ रोजी पोखरण येथील स्फोटात वापरले गेले. तो स्फोट शांततामय असल्याचे भारताने सांगितले. कॅनडाने ते मान्य केले नाही व सहकार्य थांबविले. आणि या घटनेतूनच अणुपुरवठादार देशांचा गट जन्माला आला. उलट तारापूर येथील, १९६३ सालच्या भारत-अमेरिका करारान्वये उभ्या राहिलेल्या दोन भट्ट्या पहिल्यापासून तपासणीखाली होत्या. पुढे अमेरिकेने १९७८ साली आपल्या देशात नवा कायदा करून इंधनपुरवठ्याच्या वचनाला मुरड घातली, भारताला फ्रान्सकडे जावे लागले, तरीही तारापूरच्या इंधनाचा कण इकडचा तिकडे झाला नाही; इतकेच नव्हे, तर १९९३ साली मूळ कराराची मुदत संपल्यावरही भारताने तेथील तपासणी चालू ठेवली. एकच राष्ट्र, एकच शासन, एकच वैज्ञानिक परंपरा. भेद होता तो दस्तऐवजांच्या कलमांत. आणखी एक गोष्ट तारापूरने शिकविली, ती ही की करार मोडण्याचे पातक नेहमी दुर्बळाच्याच माथी असते असे नाही.

महासत्तांनी परस्परांशी केलेल्या करारांची कथा याहून बोधप्रद आहे. २६ मे १९७२ रोजी निक्सन व ब्रेझनेव्ह यांनी मॉस्को येथे दोन कागदांवर सह्या केल्या : एकाने क्षेपणास्त्रांना अडविणाऱ्या संरक्षक व्यवस्थेवर कडक मर्यादा घातली, आणि दुसऱ्याने दूरगामी क्षेपणास्त्रांच्या प्रक्षेपकांची संख्या होती तेथे गोठविली. उपग्रहांतून मोजता येतात म्हणून प्रक्षेपक मोजले गेले. पण एका क्षेपणास्त्राच्या टोकावर एक बाँब बसवावा की दहा, यावर त्या कागदात अवाक्षर नव्हते. अमेरिकेने एका क्षेपणास्त्रावर तीन, तर सोव्हिएत संघाने आपल्या एका अजस्र क्षेपणास्त्रावर दहापर्यंत बाँब बसविले. परिणामी मर्यादेचा करार अंमलात असतानाच बाँबांची संख्या वाढत गेली. ईप्रच्या नळकांड्यांची पुनरावृत्ती ती हीच. १९८६ च्या सुमारास जगातील अण्वस्त्रांची एकूण संख्या सत्तर हजारांच्या घरात गेली, तेव्हा करारांचा उपहास करणाऱ्यांजवळ भरपूर पुरावा होता.

आणि नेमके त्यानंतरच चित्र पालटले. ८ डिसेंबर १९८७ रोजी रेगन व गोर्बाचेव्ह यांनी वॉशिंग्टन येथे ज्या करारावर सही केली त्याने ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याच्या जमिनीवरून सुटणाऱ्या क्षेपणास्त्रांचा संपूर्ण वर्गच रद्द केला, आणि १९९१ च्या मध्यापर्यंत अशी २,६९२ क्षेपणास्त्रे प्रत्यक्ष नष्ट करण्यात आली. या कराराची तपासणी कशी चालली हे पाहण्याजोगे आहे. उरल पर्वताच्या पश्चिमेस, संगीतकार चायकॉव्हस्की यांचे जन्मगाव असलेल्या व्होटकिन्स्क येथे सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा कारखाना होता. बंदी घातलेल्या क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा तेथेच तयार होणाऱ्या एका परवानगी असलेल्या क्षेपणास्त्राच्या टप्प्यासारखा बाहेरून दिसत असे. म्हणून तीसपर्यंत अमेरिकी तपासनिसांना त्या कारखान्याच्या फाटकाशी कायम मुक्काम करण्याचा हक्क मिळाला. बाहेर पडणाऱ्या मोठ्या वाहनांची लांबी ते मोजीत, आणि आतील वस्तूची क्ष-किरणांनी पाहणी करण्याचे यंत्र तेथे बसविण्यात आले. अमेरिकेतील युटा राज्यातल्या एका कारखान्याच्या दाराशी सोव्हिएत तपासनीस तसेच बसले. १९६३ साली ज्या दोन सरकारांचे तीन की सात तपासण्या यावर जमले नव्हते, त्यांनी पंचवीस वर्षांच्या आत एकमेकांच्या युद्धसामग्रीच्या कारखान्यांवर पहारा बसवू दिला.

१९९१ सालच्या ‘स्टार्ट’ कराराने ही पद्धत दूरगामी अस्त्रांना लागू केली. ॲरिझोनाच्या वाळवंटातील विमानतळावर अमेरिकेची प्रचंड बी-५२ बाँबफेकी विमाने क्रेनला टांगलेल्या अवजड पोलादी पात्याने तोडून तुकडे करण्यात आली, आणि ते तुकडे नव्वद दिवस उघड्यावर तसेच पडू देण्यात आले. कारण रशियन उपग्रहांना ते मोजता यावेत अशी कराराची अट होती. १९९३ च्या दुसऱ्या एका समझोत्यानुसार रशियन बाँबांतील ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम सौम्य करून वीस वर्षांत अमेरिकेतील वीजकेंद्रांत जाळले गेले. आज जगातील अण्वस्त्रांची संख्या बारा हजारांच्या आसपास आहे. शीतयुद्ध संपले म्हणून ही घट झाली, करारांनी नव्हे, असा आक्षेप घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे; पण १९८७ साली शीतयुद्ध संपलेले नव्हते, आणि सोव्हिएत संघ कोसळत असताना त्याची अस्त्रे शांतपणे मोजून नष्ट करता आली ती यादी, पद्धत आणि तपासनीस आधीच तयार होते म्हणून.

मग हे सारे मोडले कसे? येथे या आढाव्यातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. सामान्य समजूत अशी, की करार चोरीने मोडतात. इराकचे गुप्त कारखाने १९९१ च्या युद्धानंतर उघडकीस आले, तेव्हा तपासणीतील उणिवा जगजाहीर झाल्या आणि १९९७ साली तपासनिसांचे अधिकार वाढविणारा पूरक मसुदा करावा लागला. रशियाने मध्यम पल्ल्याचे निषिद्ध क्षेपणास्त्र तयार केल्याचा आरोप अमेरिकेने २०१४ पासून केला. म्हणजे चोरी झालीच नाही असे नाही. पण मोठ्या करारांचे मृत्यू पाहिले तर ते बहुतेक राजरोस, नोटीस देऊन, कराराच्याच एखाद्या कलमाच्या आधाराने झालेले दिसतात. संरक्षक क्षेपणास्त्रांच्या करारातून अमेरिका डिसेंबर २००१ मध्ये रीतसर सूचना देऊन सहा महिन्यांनी बाहेर पडली. मध्यम पल्ल्याचा करार तिने ऑगस्ट २०१९ मध्ये तसाच संपविला. ‘न्यू स्टार्ट’मधील आपला सहभाग रशियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर भाषण करून स्थगित केला. उत्तर कोरियाने तर या पळवाटेचा कळस गाठला : प्रसारबंदी करारातून बाहेर पडण्यासाठी तीन महिन्यांची सूचना लागते; त्या देशाने मार्च १९९३ मध्ये ती दिली, मुदत पुरी व्हावयास एक दिवस उरला असताना ती तहकूब केली, आणि जानेवारी २००३ मध्ये, आता केवळ तो एक दिवसच शिल्लक आहे, असा दावा करून काढता पाय घेतला. उत्तर कोरियाच्या अणुसामग्रीचा हिशेब जुळत नाही ही गोष्ट तपासनिसांनी १९९२ सालीच ओळखली होती. अमेरिकी अभ्यासक फ्रेड इक्ले यांनी १९६१ मध्येच विचारून ठेवले होते, की लबाडी उघडकीस आल्यावर पुढे काय? त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही यंत्राजवळ नाही.

इराणचे उदाहरण याच अंगाने वाचावयास हवे. जुलै २०१५ च्या करारान्वये त्याने आपली सेंट्रिफ्यूज यंत्रे सुमारे एकोणीस हजारांवरून सहा हजारांवर आणली, युरेनियम ३.६७ टक्क्यांहून अधिक समृद्ध न करण्याचे मान्य केले, आणि तपासनिसांनी त्याच्या पालनाचे निर्वाळे वेळोवेळी दिले. मे २०१८ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली; २०२१ मध्ये इराणने समृद्धीकरण ६० टक्क्यांवर नेले; आणि जून २०२५ मध्ये जे काम कागद करीत होता ते बाँबफेकीने करण्याचा प्रयत्न झाला. बाँबफेकीने इमारती पडतात. साठा किती व कोठे आहे हे सांगणारा तपासनीस मात्र तिने मिळत नाही. युक्रेनची गोष्ट याहून कडू आहे. आपल्या भूमीवर राहिलेली सुमारे एकोणीसशे सोव्हिएत दूरगामी अण्वस्त्रे त्याने सोडून दिली, आणि त्याच्या सीमांचा आदर करण्याचे वचन रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे लिहून दिले. त्या कागदात वचन होते, जामीन नव्हता. २०१४ व २०२२ साली त्याचे काय झाले हे सर्वांस विदित आहे, आणि अण्वस्त्रे सोडण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक राष्ट्राने ते लक्षात ठेवले असेल, हे सांगावयास नको.

दोन करारांची तुलना या विषयातील एक विलक्षण विसंगती दाखविते. १९९६ चा सर्वंकष अणुचाचणीबंदी करार कायद्याने आजवर अंमलातच आलेला नाही. त्यासाठी ज्या ४४ राष्ट्रांची मंजुरी हवी त्यांत भारत आहे, आणि जिनीव्हा येथे भारताच्या प्रतिनिधी अरुंधती घोष यांनी भारताचा नकार निःसंदिग्ध शब्दांत नोंदविला होता. अमेरिकी सिनेटने १९९९ मध्ये तो ५१ विरुद्ध ४८ मतांनी फेटाळला. रशियाने दिलेली मंजुरी २०२३ मध्ये मागे घेतली. तरीही या शतकात उत्तर कोरियाव्यतिरिक्त कोणीही अणुस्फोट केल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि पृथ्वीचे सूक्ष्म हादरे टिपणारी त्या कराराची केंद्रे जगभर काम करीत आहेत. भारताने सही न करता मे १९९८ पासून स्वेच्छेने चाचण्या थांबविल्या आहेत. याउलट ७ जुलै २०१७ रोजी १२२ राष्ट्रांच्या मतांनी संमत झालेला अण्वस्त्रबंदी करार २०२१ पासून रीतसर अंमलात आहे. फक्त ज्यांच्याजवळ अण्वस्त्रे आहेत त्यांपैकी एकही त्यात नाही. पहिला कायदा नसून पाळला जातो, दुसरा कायदा असून ज्यांनी पाळावयाचा ते त्याच्या बाहेर आहेत. दुसऱ्याला निरर्थक म्हणू नये. लोकमताची घडण असल्याच दस्तऐवजांनी होते. पण त्याने अजून एकही बाँब कमी झालेला नाही.

आपल्या उपखंडातील एका लहानशा कराराकडे मात्र जेवढे लक्ष जावे तेवढे जात नाही. ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी व बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत इस्लामाबाद येथे झालेल्या कराराने भारत व पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचे मान्य केले, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीस दोन्ही सरकारे आपापल्या केंद्रांची यादी परस्परांना देत आली आहेत. कारगिल झाले, संसदेवरील हल्ल्यानंतर सैन्ये महिनोन्‌महिने समोरासमोर उभी राहिली, बालाकोट झाले, मे २०२५ चा संघर्ष झाला, पण ही यादी थांबली नाही. ती टिकली याचे कारण उघड आहे : तिच्यात कोणी कोणापेक्षा मोठा नाही, कोणाला काही सोडावे लागत नाही, आणि ती मोडण्यात कोणाचाच फायदा नाही.

या साऱ्या व्यवहारावरून माझा निष्कर्ष असा, की करार अण्वस्त्रांना मर्यादा घालू शकतात, आणि त्यांनी ती प्रत्यक्ष घातली आहे. परंतु मोजता येईल अशी वस्तू, ती मोजण्याचा दुसऱ्या पक्षाचा हक्क, आणि दोन्ही बाजूंस जाणवेल असे ओझे, या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथेच. शेताच्या बांधावरचा दगड अतिक्रमण करणाऱ्याचे हात धरीत नाही. पण अतिक्रमण झाले हे तो साऱ्या गावाला दाखवितो, आणि न्यायनिवाडा त्याच्याच आधारे होतो. करारांचे सामर्थ्य तेवढेच आहे, आणि ते थोडे नाही. त्यांची खरी दुर्बळता तपासणीत नसून बाहेर पडण्याच्या स्वस्ताईत आहे. ज्या राष्ट्राला करार सोडताना घरच्या लोकमताचा रोष सोसावा लागत नाही, मित्रांची नाराजी जड जात नाही, त्याच्यासाठी सहा महिन्यांची नोटीस ही केवळ टपालखर्चाची बाब राहते. यापुढील काम अधिकच अवघड आहे, कारण पूर्वीचा हिशेब दोघांचा होता; आता चीनजवळ सहाशेच्या आसपास अस्त्रे झाली असून तिघांचा तराजू दोन पारड्यांत तोलावयाचा आहे.

भारतीय वाचकाने या प्रश्नाकडे दूरच्या तमाशाप्रमाणे पाहू नये. भारत व पाकिस्तान यांच्यामध्ये बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचणीची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा करार आहे, पण क्रूझ क्षेपणास्त्रे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. ९ मार्च २०२२ रोजी चुकून सुटलेले एक भारतीय क्षेपणास्त्र पाकिस्तानात मियाँ चन्नू शहरानजीक पडले, तेव्हा सुदैवानेच अनर्थ टळला. भारत व चीन यांच्यामध्ये तर पूर्वसूचनेचा असा द्विपक्षीय करारही नाही. जगातील सर्व अण्वस्त्रे नाहीशी करण्याच्या घोषणा सर्वच सरकारे करतात, आणि त्यांना त्यासाठी काही किंमत मोजावी लागत नाही. त्याऐवजी आपल्या लोकप्रतिनिधींना एवढेच विचारावे, की १ जानेवारीच्या त्या यादीत क्रूझ क्षेपणास्त्रांच्या सूचनेचे एक कलम केव्हा जोडणार, आणि तशीच एक यादी बीजिंगशी केव्हा सुरू करणार. जे करार टिकले ते अशा लहान, मोजक्या आणि तपासून घेता येणाऱ्या कलमांवरच टिकले आहेत.